सात पट्ट्यांची पाठ

"सागवानी आहे ना?"

आयुष्यभर गिटारी केल्या, आणि मराठी गिऱ्हाइकाने पहिला प्रश्न हाच विचारला. कपाट घेताना हाच, पाट घेताना हाच आणि गिटार घेतानाही हाच. नाही म्हटलं की चेहरा असा पडायचा, जणू मी दुधात पाणी घातलंय. सुरुवातीला मी समजावून सांगत असे. पुढे कंटाळा आला. "सागाची करून देतो, पण मग तिला कडी-कोयंडा लावून घ्या," एवढंच म्हणायचो. काहीजण रागावून निघून गेले. जाऊ देत.

साग वाईट नाही. पाऊस, वाळवी, भाडेकरू, सगळं सोसतो. पण त्याच्या अंगात तेल असतं, त्यामुळे सरस नीट धरत नाही, आणि आवाज तो पोटात ठेवतो. वाद्याचं लाकूड बोलकं हवं. गिटारीची समोरची फळी, जिला गोल भोक असतं, तिला आम्ही सतारवाल्यांसारखं तबली म्हणायचो. ही पातळ, हलकी आणि तरीही ताठ लागते. तिला विलायती स्प्रूस. ते तेव्हा बाहेरून येणं जवळजवळ बंद झालं होतं, म्हणून आम्ही मोडीतले पियानो घ्यायचो. साहेब लोक गेले, पियानो मागे राहिले, आणि चोरबाजारात ते पडून असत. लोक सूर बघून घेत, आम्ही आतली फळी बघून घ्यायचो. घरी आणून फोडायचो. एकदा एक पारशी बाई आपलाच जुना पियानो आमच्याकडे सरपणासारखा रचलेला बघून रडली होती. पण ते असो.

मागची फळी म्हणजे पाठ. तबलीचा आवाज परत पुढे फेकायचं काम तिचं. म्हणून ती जड आणि घट्ट हवी. तिला शिसव. जुनी, मलबारकडची मिळाली तर देवच पावला म्हणायचं. कडाही शिसवीच्याच, भिजवून तापल्या नळीवर वाकवायच्या. दांडी तुनाच्या लाकडाची. झाली गिटार. बाकी सगळी हातसफाई.

लाकूड निवडायची रीत सोपी आहे. फळी कोपऱ्याजवळ दोन बोटांत लोंबती धरायची आणि बोटाच्या पेराने मध्यावर ठोकायची. बायका माठ घेताना ठोकून बघतात ना, तेच. टण्ण वाजली तर घ्यायची. बद्द वाजली तर जागेवर ठेवायची. माझा काका, ज्याला आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, तो बद्द हा शब्द माणसांनाही लावायचा. दुकान त्याचं. गिरगावात एका वाडीच्या तोंडाशी, दहा बाय बाराचं, वर माळा. कुडाळहून तो बाजाच्या पेट्या दुरुस्त करायला आला आणि गोव्याच्या वाजवणाऱ्या लोकांमुळे गिटारीत शिरला. मी त्याच्या हाताखाली शिकलो. मुंबईसाठी मोर्चे, हरताळ चालले होते त्या वर्षांत मी सव्वीस-सत्तावीसचा असेन. आठवड्यातून एखादा दिवस दुकानाची फळी अर्धीच उघडायची, बाहेर घोषणा चालू असत आणि आत आम्ही रंधा मारत असू. "होतलो, होतलो महाराष्ट्र," अण्णा म्हणायचा, "पण सरस थंड जाता त्याचा काय?"

फेब्रुवारीतल्या अशाच एका अर्ध्या उघड्या दिवशी यशवंत आला. परळच्या एका मिलमध्ये कामाला, वयाने माझ्याएवढाच. शेजारच्या खोलीतल्या एका गोवेकराकडून गिटार शिकला होता आणि मागून आणलेल्या गिटारीवर वस्तीतल्या गाण्याच्या पार्टीत वाजवायचा. कधी समितीच्या सभेत, कधी दीक्षेच्या गाण्यांना. डफ-तुणतुण्यात हे काय आणलंय, म्हणून लोक हसायचे, असं त्यानेच सांगितलं. त्याला स्वतःची गिटार हवी होती.

त्याच्याबरोबर त्याची आई होती, राधाबाई. साठीच्या आसपास, हडकुळी, ताठ. आणि दोघांच्या मध्ये गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. यशवंतने गोणपाट सोडलं. आत देव्हारा. दोन फूट उंच, वर छोटं शिखर, पुढे कमान, कमानीवर वेलबुट्टी. काळी शिसव. आणि रिकामा.

"ह्याची गिटार करायची," यशवंत म्हणाला.

अण्णाने चष्मा कपाळावर ढकलला आणि माझ्याकडे बघितलं.

राधाबाईंनी सांगितलं ते असं. त्यांचा नवरा मिलच्या सुतारखात्यात मदतनीस होता. कुण्या साहेबाचं मोडकं कपाट भंगारात निघालं, त्याच्या फळ्या त्याने मागून घेतल्या आणि सुट्टीच्या दिवशी बसून हा देव्हारा केला. "गावाकडं देवळाच्या पायरीला बी शिवू देत नव्हते," त्या म्हणाल्या. "मालक म्हनले, मग आपलं देऊळ आपनच करू. चाळीस वर्सं मी त्यात दिवा लावला. मालक गेले तरी लावला." मग दोनच महिन्यांमागे, डिसेंबरात, दादरच्या चौपाटीवर असंख्य माणसांबरोबर मायलेकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरातले देव समुद्रात सोडले. देव्हारा राहिला.

"शेजारची बाई इकत मागती," त्या म्हणाल्या. "इकला तर ती त्यात उद्या दुसरा देव बसवनार. जाळावा, तर मालकाचं हात जाळल्यावानी वाटतं. मग ह्यो म्हनला, वाजवायचं करू."

मी दोन्ही बाजूंच्या फळ्या मोजल्या. नऊ इंच रुंद, वीस इंच उंच, एकसंध. टिचकी मारली. जोडकामात अडकलेली असूनही चांगली बोलली. पाठीच्या दोन अर्ध्या फळ्या आरामात निघाल्या असत्या. कडांना लांबी पुरणार नाही, त्या आमच्या लाकडाच्या लावाव्या लागतील, असं मी सांगितलं.

यशवंतने विचारलं, "वाजवताना अंगाला लागते ती पाठच ना?"

"हो. पोटाशी, छातीशी."

"मग पाठ ह्याची करा. बाकी कशाचंही लावा."

एवढं एकच त्याचं मागणं होतं. मी होय म्हणालो. गिऱ्हाईक बसलं की चहा मागवायचा ही आमच्या दुकानाची रीत. त्या दिवशी अण्णाने चहा मागवला नाही. मी ते बघितलं आणि मीही मागवला नाही.

ते गेल्यावर अण्णा म्हणाला, "तुका करूचा आसात तर कर. माझी करवत तेका लागूची नाय."

ह्यात भक्ती किती आणि दुसरं काय किती, ते मी अण्णाला विचारलं नाही. स्वतःलाही विचारलं नाही, कारण माझी करवतही लागली नाही. खरंच सांगतो, मी प्रयत्न केला. एका दुपारी देव्हारा बाकावर आडवा घेतला, पेन्सिलने रेघ मारली, करवत टेकवली. वेलबुट्टीच्या खाचेत वाळलेलं कुंकू होतं. कमानीच्या आतल्या अंगाला दिव्याच्या काजळीचा डाग. मी करवत उचलून ठेवली. उद्या करू म्हटलं. तो उद्या तीन-चारदा आला आणि प्रत्येक वेळी माझा हात आखडला. सुताराच्या घरात जन्मलेलो, देव्हारे करायचे एवढंच माहीत. कापायचा कसा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि मनात असंही आलं की, म्हातारी आज रागाच्या भरात म्हणते आहे, उद्या तिलाच वाईट वाटेल. तिच्या भल्याचं मी परस्पर ठरवून टाकलं. माणूस घाबरला की दुसऱ्याच्या भल्याचं फार ठरवतो.

मग मी सोपी वाट धरली. दुकानात मलबारी शिसवीच्या दोन फळ्या होत्या, अण्णाने वर्षानुवर्षं जपलेल्या. ठोकल्या की घंटेसारख्या बोलायच्या. त्या मी गिऱ्हाइकाच्या नावावर घातल्या. अण्णाला सांगितलं, बदल्यात शिसवी देव्हारा राहिलाय, नुकसान नाही. तो हुं म्हणाला. देव्हारा मी माळ्यावर ठेवला. पावसाळ्यात पाठ चिकटवायची नसते, मुंबईच्या हवेत लाकूड फुगतं आणि मग थंडीत चिरतं, म्हणून काम दिवाळीपर्यंत लांबलं. यशवंत दोन-तीनदा डोकावून गेला. एकदा त्याने विचारलं, "कापला?" मी म्हटलं, "कापला." इतकं सहज निघालं तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करायचो. करवती, पटाशा, रंधे धुऊन मांडायचे, विश्वकर्म्याची तसबीर पुसायची. त्या वर्षी तसबीर ठेवायची फळी वाळवीने खाल्ली होती. दुसरी फळी शोधायला मी तसबीर घेऊनच माळ्यावर गेलो, समोर देव्हारा. तसबीर त्यात ठेवली, अगदी मापात बसली. झेंडूचं फूल वाहिलं, उदबत्ती ओवाळली आणि खाली आलो. मनात काही म्हणजे काही आलं नाही. हाताला सवय असते, तो डोक्याला विचारत नाही.

दिवाळी झाल्यावरच्या रविवारी मायलेक गिटार न्यायला आली. यशवंतने तारा जुळवल्या आणि वाजवली. दोन मिनिटं, तीन मिनिटं. रस्त्यावरचे दोघे थांबून ऐकत राहिले. अण्णासुद्धा रंधा मारायचा थांबला. इतकी चांगली पाठ मी त्याआधी लावली नव्हती. यशवंतने गिटार उलटी केली, पाठीवरून तळहात फिरवला आणि आईकडे दिली.

राधाबाईंनी ती दोन्ही हातांत धरली, ताट धरतात तशी. पाठीकडे बघितलं. मग गोल भोकाशी नाक नेलं आणि वास घेतला. परत घेतला.

"ह्यो न्हाई त्यो," त्या म्हणाल्या.

"मावशी, पॉलिशने वास जातो," मी म्हटलं.

"वरचा जाईल. आत पालीस करता व्हय?"

"रंधा मारल्यावर..."

"चाळीस वर्सं तेल, धूप, कापूर," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमच्या खोलीत शिरलं की मानसं म्हनायची, तुमच्या देव्हाऱ्याचा वास येतोय. पावसाळ्यात तर सबंध चाळीला यायचा. मेस्त्री, कुठाय तो?"

यशवंत म्हणाला, "आई, असू दे ना. सांगतायत ते."

त्याला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता. त्याच्या चेहऱ्यावर ते इतकं स्पष्ट दिसत होतं की मला पुढचं खोटं बोलवेना. मी माळ्याकडे बोट केलं. आणायला जातो म्हणून वळलो, तोवर राधाबाई शिडीवर चढल्यादेखील. साठीची बाई, लुगड्याचा काष्टा, सरसर वर. तेव्हा कुठे मला तसबिरीची आठवण झाली. मेलो, असं मी मोठ्याने म्हणालो असेन, कारण अण्णाने माझ्याकडे बघितलं.

मग त्या देव्हारा पोटाशी धरून उतरल्या. तसबीर आत होती. झेंडू वाळून तपकिरी झाला होता. त्यांनी देव्हारा बाकावर ठेवला, तसबीर बाहेर काढली, पदराने पुसली आणि अण्णाच्या हातात नीट दिली. फूल तिच्यावर ठेवलं.

"बघितलंस?" त्या यशवंतला म्हणाल्या. "रिकामा ऱ्हातच न्हाई ह्यो."

बाकावर वाकस पडला होता. वाकस म्हणजे सुताराची आखूड दांड्याची कुऱ्हाड समजा, तासायला वापरतो ती. त्यांनी तो उचलला. मी पुढे झालो तर म्हणाल्या, "सरा." पहिल्या घावात शिखर उडालं. दुसऱ्यात कमान. मग बाजूच्या फळ्या, उभ्या, रेषेच्या अंगाने. शिसव रेषेत सरळ फाटते. दुकानभर खरंच वास पसरला, तेलाचा आणि कापराचा. त्या रडत नव्हत्या. धापा टाकत होत्या. नऊ इंचांच्या फळ्यांच्या दोन-दोन, तीन-तीन बोटं रुंदीच्या चिरफळ्या झाल्या, तेव्हा त्यांनी वाकस होता तिथे ठेवला.

"आता देव्हारा न्हाई," त्या म्हणाल्या. "आता लाकूड हाय. आता लावा करवत."

मला इतकी लाज जन्मात वाटली नव्हती. मी माफी मागितली, ती काहीतरीच झाली. मग धंद्याच्या भाषेत बोललो, कारण ती मला येत होती. म्हटलं, आता ह्यातून पाठ निघत नाही. पाठीला दोन रुंद फळ्या लागतात. ह्यातून घोडी निघेल, ज्यावर तारा टेकतात ती. वाद्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा, सगळा आवाज तिच्यातूनच जातो. हे खोटं नव्हतं.

यशवंत चिरफळ्यांकडे बघत होता. "पण घोडी अंगाला लागत नाही," तो म्हणाला.

मी फेब्रुवारीत सरळ करवत मारली असती तर वडिलांच्या हातच्या त्या दोन फळ्या अखंड त्याच्या छातीशी लागल्या असत्या. हे त्याला कळलं होतं, मला कळलं होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसून चिरफळ्या लांबीप्रमाणे लावायला लागला. लावता लावता त्या शेजारी शेजारी आल्या, आणि ते बघून मला सुचलं.

"जोडता येतील," मी म्हटलं. "कडा रंधून एकाशेजारी एक. सहा-सात पट्ट्या. आत्ताची पाठ वाफेने सोडवतो, ती बसवतो."

"सातां पट्ट्यांची पाठ?" अण्णा मागून म्हणाला. "खुळो झालंस काय? इतके सांधे. बद्द वाजतली."

खरं होतं ते. आणि ह्या वेळी मी लपवलं नाही. "अण्णा बरोबर सांगतोय," मी यशवंतला म्हटलं. "आत्ता वाजली तशी ती पुन्हा वाजणार नाही. पुष्कळ कमी होईल. तू वाजवणारा आहेस, तुला रोज कळेल. विचार करून सांग."

यशवंतने गिटार परत मांडीवर घेतली. एक चाल वाजवली, सावकाश, शेवटपर्यंत. शेवटचा सूर संपेपर्यंत त्याने हात उचलला नाही. मी चाळीस वर्षांत अनेकांना गिटार निवडताना बघितलं, सोडताना बघितलेला हा एकच. मग त्याने ती माझ्यापुढे बाकावर ठेवली.

"उघडा," तो म्हणाला.

पाठ सोडवायला एक दिवस लागला. तापलेलं पातळ पातं आणि ओलं फडकं, बोटभर बोटभर करत. ती मलबारी पाठ पुढे मी दुसऱ्या कुणाच्या गिटारीला लावली आणि ती उत्तम वाजली. कुणाच्या, ते आता सांगता येणार नाही.

चिरफळ्यांना करवत लावताना हात आखडला नाही. सात पट्ट्या निवडल्या. प्रत्येक ठोकून बघितली, पण टाकली एकही नाही, कारण टाकायला जास्तीची नव्हतीच. काजळीचा डाग होता ती पट्टी मध्ये घेतली, डाग आतल्या बाजूला. सांधे इतके नेमके बसवले की नख अडकू नये. यशवंत रोज पाळी सुटली की यायचा आणि शेजारी बसायचा. तिसऱ्या दिवशी अण्णाने माझ्या हातातला रंधा काढून घेतला, त्याचं पातं स्वतः घासून धार लावली आणि परत दिला.

पंधरवड्याने राधाबाई पुन्हा आल्या. आल्या आल्या गिटारीच्या भोकाशी नाक नेलं आणि होय म्हणून मान हलवली. गिटार मुलाकडे देऊन समोरच्या खोक्यावर बसल्या.

यशवंतने तारा छेडल्या. मी ओठ दाबून उभा होतो. आवाज आला तो जाड, जरा आतला. आधीची चमक गेली होती. मधल्या तारा एकमेकींत गुंतल्यासारख्या. अण्णाला राहवलं नाही. तो मागून पुटपुटला, "बद्द."

राधाबाईंनी ते ऐकलं. मला वाटलं आता ह्या अण्णाला धुऊन काढणार. पण त्या हसल्या. पहिल्यांदाच हसताना दिसल्या मला.

"मालक बी असंच बोलायचे," त्या म्हणाल्या. "तोंडातल्या तोंडात. पहिल्या टायमाला कधी कळायचं न्हाई." मग मुलाकडे वळल्या. "वाजव की परत."